बिराजदारबाईंची गाडी

“आणि बाई काय म्हणाल्या?” यासीन उस्तादांनी विचारलं.

विश्वंभर बोलता बोलता अडखळला. गेला अर्धा तास तो एकटाच बोलत होता. बॅटरी सांगून झाली, स्टार्टर सांगून झाला, पेट्रोलचा पंप, फ्यूज, वायरिंग, सगळं सांगून झालं. आणि उस्तादांनी विचारलं काय, तर बाई काय म्हणाल्या!

“बाई काय म्हणणार, उस्ताद? त्यांना गाडीतलं काय कळतंय?”

हातातला झाडू भिंतीला टेकवून उस्ताद ओट्यावर बसले.

चाळीस वर्षं त्यांनी उदगीरला धान्याच्या मोंढ्यामागं गॅरेज चालवलं होतं. हात थरथरू लागले तसं एके दिवशी शटर ओढलं आणि गावाबाहेरच्या या दर्ग्यात येऊन राहिले. अंगण झाडायचं, रांजण भरायचे, आल्यागेल्याला पाणी द्यायचं. विश्वंभर सोळाव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली शिकला. पुढं त्यानं डिप्लोमा केला आणि आता तो एका शोरूमच्या वर्कशॉपचा मुख्य मेकॅनिक होता. आठ माणसं त्याच्या शब्दावर चालत.

कॉम्प्युटरवाल्या गाडीला उस्तादांनी कधी हात लावला नव्हता. हे विश्वंभरला पक्कं ठाऊक होतं. खरं सांगायचं तर तो आला होता तेवढ्यासाठीच. उस्तादांनाही नाही सुधरलं, तर आपल्यालाही नाही सुधरलं, यात कमीपणा उरला नसता.

“पाच महिन्यांची गाडी आहे, उस्ताद. मागच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. आणि चार वेळा वर्कशॉपला आली.”

“हं.”

“माझ्या हातात एका झटक्यात चालू होते. बाईंच्या दारात गेली, की दोन दिवसांत मुकी.”

“हं.”

“आताच्या चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. गाडी तिला ओळखते. ओळख पटली तर इंजिन चालू, नाहीतर बंद. कॉम्प्युटर सांगतो, ओळख पटली नाही. मी चावी तपासली, तर चांगली. कुलपाभोवतीची कॉइल बदलली. चावीची गाडीशी नव्यानं ओळख करून दिली... दोन दिवसांनी परत फोन!”

“मग?”

“मग दुरुस्तीच्या कार्डावर लिहून दिलं. वापरणाऱ्याची चूक.”

उस्तादांनी वर पाहिलं. विश्वंभरनं नजर वळवली.

“काय करणार? साहेब म्हणाले, पाचव्यांदा गाडी आली तर कंपनीचा इंजिनिअर बोलावतो, आणि तुला ऑइल बदलायला बसवतो. तिकडं बाईंचा मुलगा रविवारी येतोय. गाडी विकूनच टाकतो म्हणतोय.”

“बाईंना विकायचीय?”

“ते... विचारलं नाही.”

“गाडी रुसते तेव्हा तू बघितलंस?”

“मी गेलो की चालूच होते ना! तेच तर कोडं आहे.”

“चालू कोण करतं?”

“मीच.”

उस्ताद उठले. खांद्यावरचा पंचा झटकला.

“चल.”

“कुठं?”

उस्ताद मोटारसायकलजवळ जाऊन उभेही राहिले होते.

बिराजदारबाई अंगणातच होत्या. साठीला टेकलेल्या, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. पत्र्याच्या शेडखाली ती पांढरी गाडी, पुसून लखलखीत. विश्वंभरला बघताच त्यांचा चेहरा उतरला.

“आता परत कशाला आलात? चूक माझी आहे ना? तसं लिहून दिलंय तुम्ही. मुलाला फोटो पाठवला मी त्या कागदाचा.”

“तसं नाही, मॅडम. एकदा शेवटचं बघतो. चावी द्या.”

त्यानं सवयीनं हात पुढं केला. बाई सवयीनंच घरात वळल्या.

उस्तादांनी तो हात हलकेच खाली दाबला.

“ताई, चावी राहू द्या. आज कुठं निघाला होता का?”

बाई थबकल्या. हा पांढऱ्या दाढीचा माणूस कोण, ते त्यांना कळेना.

“तोंडारला. थोरली बहीण असते माझी. कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणावरच आहे. दर गुरुवारी जाते मी... म्हणजे, जात होते.”

“मग निघा की. आम्ही मागं बसतो.”

विश्वंभरला काही समजेना. स्कॅनर आणलेला, तो पिशवीतच राहिला. तो उस्तादांशेजारी मागच्या सीटवर बसला. प्लास्टिक करकरलं. स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीत मागं बसायची त्याची ही पहिलीच वेळ.

बाई पर्स घेऊन आल्या. पट्टा लावला, आरसा नीट केला, क्लच पुरता दाबला. विश्वंभरनं मान पुढं काढून बघितलं. चूक काढायला कुठं जागाच नव्हती.

त्यांनी पर्समधून जुडगा काढला. चावी लावली. फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली. समोर चावीचं लाल चिन्ह लुकलुकत राहिलं.

“बघा,” बाई म्हणाल्या. “आता सांगा काय चुकलं माझं.”

विश्वंभर लाल दिव्याकडं बघतच राहिला. चार वेळा गाडी खोलली, पण हा दिवा त्याला आज पहिल्यांदा दिसत होता. मग त्याची नजर खाली गेली. कुलपात चावी होती. त्याच कडीत, तिला पाठीला पाठ लावून, हुबेहूब तशीच दुसरी काळी चावी लटकत होती.

“मॅडम... ही दुसरी कुणाची?”

बाई हळूच म्हणाल्या, “ह्यांची.”

“ही मला कधी दिली नाहीत!”

“तुम्हाला द्यायच्या आधी दर वेळी काढून ठेवत होते. ह्यांची चावी परक्या हातात कशी देऊ?”

विश्वंभरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन चिपा जवळजवळ. दोघी एकदमच बोलतात आणि गाडीला एकीचंही धड ऐकू येत नाही. चावी हातात आली म्हणून तो खूश व्हायचा आणि आजार घरातच राहायचा!

“मॅडम, ती तेवढी काढा बघू कडीतून. आणि पर्समध्ये नको. जरा मागं माझ्याकडं...” तो थांबला. “बरं, माझ्याकडं नको. खिडकीबाहेर हातात धरा. आता फिरवा.”

गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली.

“झालं!” विश्वंभर जवळजवळ ओरडलाच. “काही नाही मॅडम, ही कपाटात टाकून द्या, बस्स! गाडी जन्मात बंद पडणार नाही.”

बाईंनी गाडी बंद केली.

एक हात स्टिअरिंगवर ठेवून त्या समोर बघत बसल्या. शेडवर कावळा उतरला, पत्रा वाजला.

“गाडी ह्यांनी घेतली, निवृत्त झाल्यावर,” त्या म्हणाल्या. “कॉलेजच्या ग्राउंडवर रोज सकाळी मला शिकवायचे. मी म्हणायचे, या वयात कशाला? ते म्हणायचे, तुझी बहीण तोंडारला आहे, मी काय कायम ड्रायव्हर राहणार का? तीन आठवडे शिकवलं. मग झोपेतच...”

त्यांनी खिडकीबाहेरचा हात आत घेतला. ती चावी पुन्हा कडीत ओवली.

“मॅडम, अशानं गाडी चालू होणार नाही.”

“नको होऊ दे.”

“अहो पण...”

“कपाटात नाही ठेवणार मी. एकटीनं नाही जमत मला, रस्त्यावर गेलं की हातपाय कापतात. विकू दे मुलाला.”

दोष सापडला होता. इलाज दोन बोटांचा होता. आणि गाडी मघाइतकीच बंद होती. डिप्लोम्याच्या तीन वर्षांत असलं काही विश्वंभरला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं उस्तादांकडं पाहिलं.

उस्ताद गाडीतून उतरले. वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि पुढचं दार उघडलं.

“ताई, शिकवताना ते कुठं बसायचे?”

बाईंनी मान वळवली.

खांद्यावरचा पंचा काढून उस्तादांनी ती रिकामी सीट पुसली, हळूहळू, पाठीपासून कडेपर्यंत. मग बाजूला सरून उभे राहिले.

बाईंनी दुसरी चावी कडीतून सोडवली. मुठीत धरली. मग वाकून शेजारच्या सीटवर ठेवली, कुणाला बसायला हात द्यावा तशी.

उस्तादांनी दार आवाज न करता लावलं.

विश्वंभर घाईघाईनं खाली उतरला. “मॅडम, त्या कागदाचं... मी ते...” पण इंजिन चालू झालं होतं. बाई डावीकडं बघून काहीतरी पुटपुटल्या, आणि गाडी मागं आली, फाटकापाशी जरा अडखळली, पहिला गिअर खरखरला आणि ती तोंडारच्या रस्त्याला लागली.

दोघं फाटकात उभे राहिले. धूळ खाली बसली.

“उस्ताद, चावी हातभर लांब असली की चालतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“चिप म्हणजे काय, ते तूच आज सांगितलंस.”

“मग सीटवर ठेवूनही नसती चालू झाली तर?”

“तर नसती झाली.”

विश्वंभरनं मोटारसायकलला किक मारली, पुन्हा बंद केली. काहीतरी हाताशी आल्यासारखं वाटत होतं, पण नेमकं काय, ते धरता येत नव्हतं. मग त्याचा चेहरा उजळला.

“आलं लक्षात, उस्ताद! यापुढं गाडी आली की सगळ्यात आधी विचारायचं, दुसरी चावी कुठाय?”

उस्तादांनी पंचा खांद्यावर टाकला.

“पुढच्या गाडीला दुसरी चावी नसेल.”