रानम्हशींचा कौल

पूर्वी कौशांबी नगरीत सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व विंध्याच्या रानात रानरेडा होऊन जन्मला होता. शिंगे रुंद, चाल संथ, आणि मोठा कळप त्याच्या आधाराने राही. सगळे त्याला बाबा म्हणत.

कुठे जायचे याचा कौल घेण्याची त्या कळपाची एक जुनी रीत होती. दुपारची विश्रांती संपत आली की एकेक जण उठे, जिकडे जावेसे वाटे तिकडे तोंड करून थोडा वेळ उभा राही आणि पुन्हा बसे. कोणी कोणाला विचारीत नसे. जिकडे जास्त तोंडे वळत, तिकडे उन्हे कलल्यावर सारा कळप निघे. पण बोधिसत्त्वाचा अंदाज सहसा चुकत नसे. त्यामुळे होता होता असे झाले, की आधी तो उठे आणि तो पाही तिकडेच सगळे पाहत. रीत म्हणून नुसती उठबस तेवढी उरली.

एका वर्षी उन्हाळा फार कडक पडला. वाटेवरची डबकी आटून गेली. कळपात भुरी नावाची तरुण म्हैस होती. तिचे पहिलेच रेडकू अजून पायांवर नीट ठरत नव्हते. पाणी नाही म्हणून भुरीला दूध नव्हते, आणि दूध नाही म्हणून रेडकाने दुपारपासून मान वर केली नव्हती. आज संध्याकाळची चाल ते कसेबसे चालेल, उद्याची चालणार नाही, हे तिला कळून चुकले होते.

पळसाच्या विरळ सावलीत कळप बसला होता. पश्चिमेकडून वाऱ्याची एक झुळूक आली आणि भुरीच्या नाकपुड्या फुलल्या. वास ओल्या चिखलाचा होता. ती उठली आणि पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. तेवढ्यात बोधिसत्त्व उठला. पूर्वेला त्याच्या पाहण्यातले एक मोठे तळे होते. त्याने पूर्वेकडे पाहिले. भुरीचे पाय आपोआप वळले आणि तीही पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली.

शेजारी बसलेली काजळी हसली. ही म्हातारी म्हैस साऱ्यांची थट्टा करी. "काय गं, गिरकी घेतेस? नाचायचा विचार आहे की काय?"

"काही नाही, काकू," भुरी म्हणाली आणि बसली.

पण ते वळणे बोधिसत्त्वाने पाहिले होते. तो तिच्याजवळ आला. "पोरी, तू आधी तिकडे बघत होतीस. मग फिरलीस का?"

भुरीने मान खाली घातली. "तुम्ही इकडे बघितलंत म्हणून, बाबा."

"आणि तिकडे काय होतं?"

"चिखलाचा वास आला होता. भासही असेल. तुमच्यापेक्षा मला काय कळतंय?"

बोधिसत्त्वाने तिच्या रेडकाकडे पाहिले. त्याच्या मनात आले, 'माझ्याजवळ एकच नाक आहे. या रानात एवढी नाके असून माझ्यामुळे ती बंद पडली. आज मी चुकलो, तर सगळेच चुकतील, आणि हे लेकरू जाईल.'

त्याने सर्वांना पुन्हा बसायला सांगितले. "आता नव्याने उठा. या वेळी मी तुमच्यात नाही."

वज्रक नावाचा तरणाबांड रेडा अस्वस्थ झाला. "बाबा, असं केलंत तर उद्या तुमचं कोण ऐकेल?"

"ऐकतील रे. फक्त नाक मिटून ऐकणार नाहीत."

एवढे बोलून तो जवळच्या घळीत उतरला आणि कोणाला दिसणार नाही असा बसला.

कळपाला काही सुचेना. सगळे घळीकडे तोंड करून बसून राहिले. "आता बघायचं तरी कुठे?" वज्रक पुटपुटला. कोणीच उठेना. भुरीने रेडकाला चाटले. त्याची कातडी तापली होती, आणि त्याने डोळेही उघडले नाहीत. मग मात्र ती उठली, पश्चिमेकडे वळली आणि एकटीच उभी राहिली. सारा कळप आपल्याकडे पाहतो आहे, हे तिला न बघताही जाणवत होते. बसावे असे फार वाटले, पण ती बसली नाही.

बऱ्याच वेळाने बाजूला कोणीतरी कुरकुरत उठले. ती काजळी होती, आणि तिचेही तोंड पश्चिमेलाच होते.

"बघतेस काय? मलाही मघापासून येतोय तो वास."

"मग बोलला का नाहीत, काकू?"

"बाबा पूर्वेला बघत होते ना," काजळी म्हणाली, आणि तिला स्वतःचेच हसू आले.

मागून आणखी एक उठली, मग दोघी, मग कितीतरी. प्रत्येकीला वाटले होते, वास आपल्या एकटीलाच आला. काही जण पूर्वेकडे वळले, त्यांत वज्रक होता. त्याला कोणी हसले नाही. पण पश्चिमेकडची तोंडे पुष्कळ जास्त झाली. बोधिसत्त्व घळीतून वर आला, त्याने कळपावरून नजर फिरवली आणि सर्वांच्या मागून, रेडकाच्या चालीने चालू लागला.

अंधार पडायच्या आत त्यांना उंबरांच्या दाटीत एक झरा सापडला. धार बारीक होती, पण आटणारी नव्हती. भुरी पोटभर प्यायली. थोड्या वेळाने रेडकू तिच्या कासेला लागले आणि ढुशा देऊ लागले. सकाळी पूर्वेकडून बगळे आले. ते म्हणाले, "त्या तळ्यात आता भेगांशिवाय काही नाही." वज्रकाने ते ऐकले आणि तो मान खाली घालून पाणी पिऊ लागला.

त्या दिवसापासून बोधिसत्त्व कौलाच्या वेळी सर्वांत शेवटी उठू लागला.

एकदा वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, जागा ठरवताना सगळे भिक्षू एका थेरांच्या, म्हणजे वृद्ध ज्येष्ठ भिक्षूंच्या, तोंडाकडे पाहून होकार देत होते, तेव्हा त्यांच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची भुरी म्हणजे आजची भिक्षुणी नंदवती. काजळी म्हणजे वृद्ध भिक्षुणी सोमा. वज्रक म्हणजे हा भिक्षू उग्रक, तो कळप म्हणजे तुमचा संघ, आणि तो रेडा मीच होतो. भिऊनही उभे राहणे ही भुरीची सत्यनिष्ठा होती. आपले मत मागे ठेवून दुसऱ्याचे पुढे येऊ देणे ही प्रज्ञा होय. आता तुम्ही एकेक जण सांगा, कुठे राहावे. थेर शेवटी बोलतील."