नागोराव सॉफ्टवेअर निवडतात

विषय : टिपणे व संशोधनाच्या फायली नीट लावून ठेवण्यासाठी सॉफ्टवेअर निवडण्याबाबत.
संदर्भ : श्री. नागोराव टेकाळे, मु. पो. बोरखेडी, यांचे चालू वर्षातील उद्योग.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, एका गावात एक भोळा संशोधक होता. त्याचं नाव नागोराव. वय पाहता यापुढे त्यांना अहो-जाहो करू. सांगितलेलं ऐकायचं आणि तंतोतंत ऐकायचं, हा त्यांचा मोठा गुण. याच गुणावर पशुसंवर्धन खात्यात त्यांची बत्तीस वर्षं निभावली.

जनावरांना लस टोचत गावोगाव हिंडताना त्यांना एक छंद लागला. प्रत्येक विहिरीला नाव असतं. ते कुणी लिहून ठेवत नाही, आणि सांगणारी म्हातारी माणसं एकेक करून जातात. नागोराव नाव विचारत, चिठ्ठीवर लिहीत आणि चिठ्ठी बिस्किटाच्या डब्यात टाकत. रुसकी विहीर. सासूची बारव. उपाशी आड. तेराशे चिठ्ठ्या झाल्या. सांगणारे निम्मे वारले.

यंदा जिल्हा इतिहास मंडळाचं पत्र आलं. विहिरींचं पुस्तक छापतो, पण दसऱ्यापर्यंत सगळं कॉम्प्युटरवर लावून द्या. नाही तर त्या जागी कोंडाजी मास्तरांचं ‘तालुक्यातील वडाची झाडे’ छापू.

नागोराव तडक सदाफुले सरांकडे गेले. सरांचा बाजारपेठेत कॉम्प्युटर क्लास आहे.

“सर, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?”

“पुष्कळ आहेत, टेकाळेकाका. सगळी थोडी थोडी वापरून बघा, मग ठरवा.”

नागोरावांनी सात सॉफ्टवेअर घेतली. विहिरीचं नाव पहिल्यात लिहिलं. गाव दुसऱ्यात. खोली तिसऱ्यात. कुणी खणली ते चौथ्यात. पाण्याची चव पाचव्यात, कोण पडलं ते सहाव्यात, आणि पडलेला निघाला की नाही ते सातव्यात.

महिन्याने सर बघायला आले. सातव्यात नुसतं ‘निघाला, निघाला, नाही, निघाला’ असं लिहिलेलं.

“काका, हा कोण निघाला?”

“ते सहाव्यात बघावं लागेल.”

“अहो, एक सॉफ्टवेअर धरा आणि सगळं एका जागी ठेवा!”

“असं होय! मग आधी नाही का सांगायचं?”

नागोरावांनी एक सॉफ्टवेअर धरलं. त्यात एकच पान उघडलं. त्या पानावर तेराशे विहिरी लिहिल्या. सगळं म्हणजे सगळं, म्हणून त्याखाली रेशनकार्ड, विजेच्या मीटरचा नंबर, बायकोचा रक्ताचा रिपोर्ट आणि उडदाच्या पापडाचं प्रमाणही लिहिलं.

सरांनी ‘पाणी’ हा शब्द शोधून पाहिला. रुसक्या विहिरीला बारमाही पाणी होतं आणि पापडाच्या पिठाला दीड वाटी.

“काका, वेगळं करा हो! एका विहिरीला एक पान. आणि एकच गोष्ट दोनदा दिसली, की एक ठेवायची, दुसरी काढून टाकायची.”

“असं होय! मग आधी नाही का सांगायचं?”

या खेपेला काम सुरेख झालं. तेराशे विहिरी, तेराशे पानं. नागोराव समाधानाने पलंगावर टेकले. टेकताना खालचे डबे दिसले. त्यातही त्याच तेराशे विहिरी होत्या.

एकच गोष्ट दोनदा!

तीन दिवस न्हाणीघरातल्या बंबाला दुसरं जळण लागलं नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नी पद्मिनबाईंना रिकामे डबे दिसले.

“अहो, तुमच्या चिठ्ठ्या?”

“काढून टाकल्या. तूच नाही का म्हणालीस, पाणी छान तापतंय?”

पद्मिनबाईंनी सरांना बोलावून आणलं. सरांनी एकेक डबा उलटा करून पाहिला.

“काका, आता जे आहे ते या मशिनमध्येच. जिवापलीकडे जपा. आत्ताच्या आत्ता पासवर्ड लावा. आणि तो कोणाला, म्हणजे कोणालाही, सांगू नका. काकूंना नाही. उद्या मी येऊन पाया पडलो, तरी मला नाही!”

“असं होय! मग आधी...”

“लावा आधी!”

नागोरावांनी पासवर्ड लावला आणि मशिन बंद केलं, ते दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत. त्या दिवशी मंडळाचा माणूस दारात जीप घेऊन उभा राहिला. सर आले. मशिन सुरू झालं आणि पडद्यावर चौकोन आला : पासवर्ड लिहा.

नागोराव गालात हसले. “बघितलंत? आला विचारायला.”

“लिहा काका, लवकर.”

“ह्याला सांगू?”

“हो!”

“हा कोण?”

“अहो, हे तुमचंच मशिन!”

“बायकोही माझीच आहे. तिला सांगायचं नाही म्हणालात.”

“काका, पाया पडतो तुमच्या.” सर खरोखरच वाकले.

नागोरावांनी पाय मागे घेतले. “हेसुद्धा तुम्ही सांगून ठेवलं होतं. पक्के आहात, सर.”

“अहो, ध्यानात तरी आहे ना?” पद्मिनबाईंनी विचारलं.

“चांगला ध्यानात आहे. पण ओठ हलवणार नाही.”

जीप गेली. ‘तालुक्यातील वडाची झाडे’ छपाईला गेलं.

नागोरावांनी हात टेकले नाहीत. सॉफ्टवेअर कंपनीला रीतसर अर्ज लिहिला. आपले सॉफ्टवेअर ‘कोणीही’ या सदरात मोडते किंवा कसे, याचा लेखी खुलासा उलट टपाली व्हावा. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचं तर पोस्टात नाव-पत्ता विचारतात, म्हणून अर्ज साध्या टपालपेटीत टाकला.

“खाली सही केलीत ना?” पद्मिनबाईंनी विचारलं. “आपला पत्ता?”

“वेडी का तू? कोणालाही काही सांगायचं नाही, असं ठरलंय.”

अर्ज कंपनीकडे प्रलंबित आहे.