मोरपीस पुढे सरकलं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्या गावाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण चूक मोठ्यांनीच केली होती.

त्या गावाला वाचनाचं भारी वेड. घरोघरी पोथ्या, सुट्या पानांच्या, दोन फळ्यांमध्ये बांधलेल्या. दर सोमवारी उन्हं कलली की जो तो आपण वाचत असलेली पोथी घेऊन पारावर यायचा. जिथवर वाचून झालं तिथे मोरपीस घालायचं, पोथी सगळ्यांसमोर ठेवायची आणि वाचलेल्या पानांविषयी मत सांगायचं, अशी रीतच होती. मग काय विचारता! कुणी म्हणे राजा मूर्ख आहे, कुणी म्हणे राणीचंच चुकलं. भांडणं व्हायची, हशा व्हायचा. मोरपिसावर मात्र कुणी कधी शंका घेत नसे. पीस जिथे, तिथवर वाचन, हे ठरलेलं.

या सगळ्यांत एकाच्या मताला फार मान. गाव त्याला जाणता म्हणायचं. बोलणं असं, की ऐकत राहावं. पूर्वी तो खरंच वाचायचा हो! पण मान वाढला तशी घरात पोथ्यांची चळत वाढली, आणि त्याला एक युक्ती सापडली. पहिली तीन पानं वाचायची, शेवटचं एक वाचायचं, आणि मधे दर सोमवारी पीस तेवढं दहा-दहा पानं पुढे सरकवायचं. "सुरुवात चांगली आहे, पण मधे जरा पाल्हाळ झालं," हे बहुतेक पोथ्यांना लागू पडतं. हसू नका. तुमच्याआमच्यातही असले जाणते आहेत.

या जाणत्याच्या मनात एक सल होता. बारा वर्षांपूर्वी गावच्या देवळातली चांदीची समई नाहीशी झाली. देवळाची किल्ली त्याच्या थोरल्या भावाकडे असायची, म्हणून आळ भावावर आला. जाणता भर पारावर रागाने बोलून गेला, "असला चोर भाऊ मला नको!" दादा उठला आणि गाव सोडून गेला. राग चार दिवसांत ओसरला, दादा मात्र परत आला नाही. तेव्हापासून गावात फेरीवाला आला की जाणता त्याला ओसरीवर बसवायचा, पाणी द्यायचा आणि विचारायचा, "डाव्या भुवईवर व्रण असलेला माणूस कुठे दिसला का हो?"

जाणत्याचा एक बालमित्र होता, म्हाळू. तो अंबाडीचे दोर वळायचा. त्याला अक्षरं शिकवली ती दादानेच. एका सोमवारी म्हाळू एक पोथी घेऊन आला. त्याने ती स्वतः लिहिली होती आणि स्वतः वळलेल्या दोरीने बांधली होती.

"आधी तू वाच," तो जाणत्याला म्हणाला. "तुझी झाली की मग गावाने वाचावी. पण सगळी वाच हं."

"अरे वेड्या, तुझी पोथी मी नाही वाचणार तर कोण वाचणार?"

जाणत्याने पहिली तीन पानं वाचली. अंबाडी कशी भिजवावी, कशी सोलावी. शेवटचं पान पाहिलं. दोराला पक्की गाठ कशी मारावी. म्हणजे सगळी दोरांचीच कथा, असं म्हणून त्याने पोथी बाजूला ठेवली.

पहिल्या सोमवारी पीस दहाव्या पानावर होतं. "अंबाडीचं वर्णन झकास!" जाणता म्हणाला. म्हाळू हसला नाही. तो पिसाकडे बघत होता. मग विसावं पान, तिसावं, चाळिसावं. दर सोमवारी म्हाळू एकेक हात पुढे सरकून बसायचा आणि पंच्याचं टोक पिळत राहायचा.

पीस पन्नासाव्या पानावर आलं त्या सोमवारी म्हाळू सगळ्यांच्या आधी येऊन अगदी समोर बसला होता. चेहरा घामाने डबडबलेला.

जाणत्याने नेहमीसारखा घसा साफ केला. "मित्राची पोथी आहे, तरी खरं तेच सांगतो. मधली पानं नसती तरी चाललं असतं. एवढं सगळं सांगायची गरजच काय होती? गाळून टाक, म्हाळू!"

सगळा पार खो खो हसला.

"एवढंच म्हणायचंय तुला?" म्हाळूने हळूच विचारलं.

"एवढंच."

"बरं," म्हाळू म्हणाला आणि उठून गेला. दोन दिवसांनी त्याच्या झोपडीचं दार बंद दिसलं. जाणत्याला वाटलं, रुसला. "मत सोसत नसेल तर लिहू नये माणसाने," असंही तो चारचौघांत बोलला.

पोथी मग गिरजाआजीकडे गेली. ही म्हातारी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची. तिचं पीस आठवड्याला दोन पानंसुद्धा सरकत नसे. लोक चिडवायचे, "काय आजी, हललं का पीस?" ती म्हणायची, "हलेल की! मला कुठे पळायचंय?"

सहा महिने गेले. एका सकाळी गिरजाआजी पोथी छातीशी धरून जाणत्याच्या दारात उभी राहिली.

"सेहेचाळिसावं पान तू वाचलं होतंस ना रे?"

"हो, वाचलं की."

"वाचलंस? वाचूनही गप्प बसलास? मग तू माणूस आहेस की दगड?" तिने ते पान काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

पानावर लिहिलं होतं:

"मित्रा, दोरांचं आता पुरे. समई मी घासायला विहिरीवर नेली होती. हातातून सुटली आणि पाण्यात गेली. भीतीने तोंड उघडलं नाही. दादाने मला पाहिलं होतं, तरी त्याने माझं नाव घेतलं नाही. मिठागरापलीकडच्या बंदरात तो राहतो. मी त्याला भेटलो. थकलाय. घरी यायचं म्हणतो, पण चोर म्हणून तुझ्या दारात उभं राहणार नाही म्हणतो. हे तोंडाने सांगायची मला हिंमत नाही. हे पान वाचलंस की पारावर एवढंच म्हण, 'समई लावा.' त्याच पावली मी दादाला आणायला निघेन. काही बोलला नाहीस, तर तुझ्या मनात आम्हा दोघांनाही जागा नाही असं समजेन."

जाणत्याने पान शेवटपर्यंत वाचलं. तो उंबऱ्यावरच बसला.

"आजी, मी वाचलं नव्हतं गं," तो म्हणाला. "मी काहीच वाचलं नव्हतं."

बारा वर्षं तो वाटेवरच्या प्रत्येकाला विचारत होता, आणि उत्तर त्याच्याच घरात येऊन, त्यानेच सरकवलेल्या पिसाच्या चार पानं मागे राहिलं होतं.

तो तसाच निघाला. तीन दिवस चालून बंदरात पोचला. दादाचं खोपट रिकामं होतं. शेजारी एक बाई मासळी वाळत घालत होती. तिला त्याने भुवईवरच्या व्रणाची खूण सांगितली.

"तो दोरवाला आला होता," ती म्हणाली. "म्हणाला, पीस पुढे गेलं आणि तुझा भाऊ 'गाळून टाक' म्हणाला. तुमच्या भुवईवाल्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'माझा भाऊ वाचल्याशिवाय बोलायचा नाही. विचार करूनच म्हणाला असेल.' दुसऱ्या दिवशी दोघं गलबतात बसले."

"कुठे गेलं ते गलबत?"

"ते कसं सांगू, बाबा? समुद्राला का वाटा असतात?"

जाणता परत आला आणि पारावर उभं राहून त्याने सगळं सांगितलं. पिसाची लबाडीसुद्धा. कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. त्या उन्हाळ्यात विहीर उपसली तेव्हा गाळात समई सापडली. ती काळी पडली होती. जाणत्याने ती स्वतःच्या हातांनी घासली आणि पारावर आणून ठेवली.

पुढे जन्मभर तो पारावर एकच पोथी घेऊन यायचा. पीस कायम सेहेचाळिसाव्या पानावर. त्याची पाळी आली की लोक विचारायचे, "काय मत, जाणत्या?"

"समई लावा," तो म्हणायचा. कुणीतरी उठून समई लावायचं, आणि ती विझेपर्यंत तो बंदराच्या वाटेकडे बघत बसायचा. त्या वाटेने त्याच्याकडे कुणी कधी आलं नाही.

तात्पर्य: जे वाचलंच नाही त्यावर मत देऊ नये, कुणीतरी तिथे आपल्यासाठीच जीव ओतून काही लिहिलेलं असतं.