बरण्यांची चाल

वाईच्या पेठेत विनायकशेठ कोठावळ्यांचं चिनी मातीच्या बरण्यांचं दुकान होतं. फरशी आरशासारखी चकचकीत, त्यात सदा ओली. गिऱ्हाईक घसरलं, की शेठ गादीवरूनच डाफरायचे, "फरशीला कशाला नावं ठेवता? माणसानं खाली बघून चालावं!"

एकदा चंद्राआत्या लोणच्यासाठी बरणी घ्यायला आल्या आणि दारातच आपटल्या. शेठनी त्यांनाही तेच ऐकवलं.

आत्या गुडघा चोळत उठल्या. "शेठ, या बरण्यांखाली गोणपाट कशाला हो घातलंय?"

"नुसत्या फरशीवर ठेवल्या तर घसरून फुटतात."

"अगं बाई! म्हणजे तुमच्या बरण्यासुद्धा खाली न बघताच चालतात की!"

सगळं दुकान खो खो हसलं. शेठनी बरण्यांखालचं एक गोणपाट ओढलं आणि दारात अंथरलं.