शैलाताईंच्या यादीतलं चौतिसावं स्थळ

खोटं सांगत असेन तर माझा चहा बंद करा. बार्शीत भालचंद्रराव खळदकरांचं वधूवर मंडळ तीस वर्षं जुनं, पण गर्दी सगळी समोरच्या शैलाताईंच्या मंडळात. त्यांच्या दारातल्या चपला दिसल्या, की भालचंद्ररावांना जेवण गोड लागत नसे.

अशात शैलाताईंच्या कॉम्प्युटरमधून चारशे स्थळांची यादी फुटली. खरी वयं, नकारांची कारणं, सगळं मोबाइलवर फिरू लागलं. घाबरून जो तो त्यात फक्त स्वतःचं नाव शोधत होता. भालचंद्ररावांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पण महिना झाला, तरी समोरच्या चपला कमी होईनात! शेवटी जळफळत त्यांनी समाजाची सभा बोलावली आणि ती यादी न वाचताच छापून आणली.

"माहिती फुटली की अब्रू जाते! हे मंडळ बंद झालंच पाहिजे," ते गरजले.

शैलाताई उठल्या. "चूक माझीच. यादीतल्या घरोघरी जाऊन मी माफी मागून आले, म्हणून माणसं टिकली. तरीही तुमचंच खरं असेल, तर भाऊसाहेब, चौतीस नंबरचं स्थळ मोठ्यानं वाचून दाखवा. वाचलंत, तर आजच कुलूप लावते."

भालचंद्ररावांनी पान उलटलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि "सभा संपली" म्हणून मटकन बसले.

मी शेजारीच होतो, मान जरा लांब केली. चौतीस नंबरला त्यांचाच मुलगा, आईनं गुपचूप नोंदवलेला. तीन नकार, आणि तिन्हींचं कारण एकच: होणारे सासरे फार बोलतात.