राजे, जिलेबी आणि नांगर

कुंभेरीचे राजे प्रजेची पाहणी जातीने करत. दर मंगळवारी हत्तीवर बसून ते वडाळीला येत, आणि मंगळवारीच वडाळीचा बाजार असे. जो तो खरेदीत, नाहीतर खाण्यात दंग.

वर्षभर हेच पाहून राजांनी निकाल दिला, "या गावात शेत कुणीच नांगरत नाही. बैल आणि नांगर जप्त करा."

पेरणी तोंडावर आलेली. पाटील हात जोडून बैलांची दावी सोडायला निघाले. पाटलीण अंबूबाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. पदर खोचून त्या हत्तीसमोर उभ्या राहिल्या.

"बैल न्या सरकार, पण तुमचं सिंहासन इकडे पाठवून द्या."

"ते कशाला?" राजांनी तोंडातली जिलेबी गिळत विचारलं.

"आम्हीही तुम्हाला वर्षभर दर मंगळवारीच पाहतोय. दर खेपेला तुम्ही हत्तीवर बसून जिलेबी खाताय. सिंहासनावर बसलेले कधी दिसला नाहीत, झोपलेलेही दिसला नाहीत. तेव्हा पलंगही पाठवा, आमच्या ह्यांना होईल."

हत्तीसुद्धा कान हलवायचा थांबला.

"बाई, बाकीचे सहा दिवस मी राज्य करतो," राजे म्हणाले.

"बाकीचे सहा दिवस आम्ही नांगरतो, सरकार."

बैल सुटले. पुढची पाहणी राजांनी बुधवारी केली. सगळं गाव शेतात होतं, स्वागताला एक कुत्रं तेवढं आलं. वडाळीत माणसंच राहत नाहीत, असा निकाल देऊन राजांनी ओसाड गावाचा सारा माफ केला.

ही चूक मात्र अंबूबाईंनी सुधारली नाही.