दहा घासांची रीत

दूरदेशीच्या एका माळावर जिराफांचा एक कळप राहत होता. माळावर बाभळीसारखी काटेरी झाडे होती आणि कळपाची एक जुनी रीत होती. एका झाडाचे दहाच घास घ्यायचे, मग वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून पुढचे झाड गाठायचे. कारण झाड मुके असले तरी खुळे नसते. पाला ओरबाडला जाऊ लागला की ते आपली पाने कडू करते आणि त्याची खबर वाऱ्याबरोबर पलीकडच्या झाडांना पोचवते. मग तीही कडू होतात. वाऱ्याच्या उगमाकडची झाडे तेवढी बेसावध आणि गोड राहतात.

कळपात कळसोजी नावाचा एक दांडगा नर होता. सगळे त्याला मामा म्हणत, पण मामाची माया त्याच्यात औषधालाही नव्हती. कडक उन्हाळ्यात माळ करपला आणि नदीकाठची एकच राई तेवढी हिरवी राहिली, तेव्हा हा तिच्यात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, आजपासून ही राई माझी. त्याच्या पाठीवरच्या गोचिड्या खाऊन जगणाऱ्या पाखरांनी लगेच होकार भरला. बाकीचे जिराफ खाली मान घालून निघून गेले. एवढ्या लांब माना, पण वर करायची वेळ आली की एकाचीही होईना!

जाळी नावाची तरणी जिराफीण तेवढी मागे राहिली. ती आठ दिवसांपूर्वीच व्याली होती. तिचे पिल्लू आचळाला ढुशा देत होते आणि दूध येत नव्हते.

"मामा, दहा घास घेते आणि जाते," ती म्हणाली. "दूध आटलंय."

"खायला नव्हतं तर पिल्लू कशाला काढलंस?" कळसोजी म्हणाला आणि त्याने मान फिरवून तिच्या बरगडीत डोक्याचा तडाखा हाणला.

जाळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिराफाच्या बाबतीत हे अंतर काही थोडेथोडके नव्हे. पण पायांत पिल्लू होते, भांडायचे कसे? ती एवढेच म्हणाली, "राई राखायची तर तुम्हाला हलता येणार नाही. आणि हलला नाहीत, तर खाता येणार नाही."

कळसोजी हसला.

जाळी वाऱ्याच्या उगमाकडे चालत राहिली. दोन दिवसांनी तिला खुरटी झुडपे लागली. त्यांच्या पोकळ काट्यांत मुंग्यांची घरे होती आणि पाल्याला जीभ लावताच त्या कडकडून चावत. जीभ सुजली. तरी प्रत्येक झुडपाचे दहा घास घेत ती पुढे जाई आणि प्रत्येक घासाला कळसोजीला एक शिवी हासडी. त्या शिव्यांवरच ती तगली म्हणा ना. हळूहळू दूध परतले.

इकडे कळसोजीने पहिल्या दिवशी ताव मारला. दुसऱ्या दिवशी पाला तुरट लागला, चौथ्या दिवशी कडूजहर. वाऱ्याने राईतल्या पलीकडच्या झाडाझाडाला खबर दिली होती. राईच्याच वाऱ्याकडच्या टोकाला, पन्नास पावलांवर, चार गोड झाडे त्याला डोळ्यांनी दिसत होती. पण आपण तिकडे गेलो आणि इकडे कुणी शिरले तर? तो हलला नाही. कडू पाला पोटात जाई आणि तिथेच पडून राही, पचत नसे. पोट नगाऱ्यासारखे फुगले आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आल्या. पाखरे दुसऱ्या पाठीवर जाऊन बसली.

ऋतू पालटला तसा कळप परतला. कळसोजी राईत आडवा पडला होता. त्याला सुनावायला जाळीने सगळा उन्हाळा शब्द घोळवून ठेवले होते. ती जवळ गेली तेव्हा त्याने कसाबसा एक डोळा उघडला.

"राईत कुणी शिरलं नाही ना?" त्याने विचारले आणि मान टाकली.

जाळी पिल्लाला घेऊन वळली. असल्याला काय सांगायचे?

पुढे राई पुन्हा गोड झाली आणि सगळ्यांनी दहा-दहा घास घेतले. दूध पाजणाऱ्या जिराफिणींना नुसता पाला पुरत नाही, त्या माळावर पडलेली हाडेही चघळतात. एके दिवशी पिल्लू पोटाशी लुचत असताना जाळीला राईत एक पांढरी बरगडी सापडली. कुणाची, ते तिने ओळखले.

"आता दिलंत, मामा," ती म्हणाली आणि बरगडी कडाकडा चघळू लागली. राग तेव्हाही गेला नव्हता.

तात्पर्य: जे सर्वांचे आहे ते अडवून बसणाऱ्याच्या तोंडी ते कडूच होते, आणि जिवंतपणी जो घासभर देत नाही, त्याच्याकडून मेल्यावर सगळेच घेतले जाते, पण त्याचे पुण्य त्याला लागत नाही.